तीन किलोमीटरचा घोळ

वाचकाचं पत्र:

"वर्षभरापूर्वी आम्ही शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला आलो. ऑफिस घरापासून २४ किलोमीटर. पाच मिनिटं चाललं की बसथांबा, तिथून तीन किलोमीटरवर रेल्वे स्टेशन, मग ३५ मिनिटं ट्रेन आणि उतरल्यावर ९०० मीटर चाल. थांब्यावरच्या पाटीवर 'दर २० मिनिटांनी बस' असं लिहिलंय. ट्रेन गर्दीच्या वेळी दर १० मिनिटांनी आहे. कामाची वेळ साडेनऊची. मी ७:५० ला घर सोडते, तरी आठवड्यातून दोनदा उशीर होतोच. नवरा म्हणतो, दुसरी गाडी घेऊ, तू ५५ मिनिटांत पोचशील. शिवाय दोन वर्षांत वाटेवर उड्डाणपूल होणार आहे. मला गाडी चालवता येते. सायकलही येते, पण बरीच वर्षं हात लावलेला नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा अंगात त्राण उरत नाही. गाडी घ्यावी का?"

सल्ला:

गाडीचं नंतर बघू. तुमच्या पत्रातच एक गोष्ट दडली आहे, ती आधी बाहेर काढूया.

तुमचा प्रवास तुकड्यांत मांडून पाहा. थांब्यापर्यंत पाच मिनिटं, बसची वाट, बसमध्ये १३ ते १८ मिनिटं, स्टेशनच्या दारापासून फलाटापर्यंत चार, ट्रेनची वाट सरासरी पाच, ट्रेन ३५, उतरून स्टेशनबाहेर पडायला चार, मग ९०० मीटरची चाल. साधारण चालीने मिनिटाला ८० मीटर होतात, म्हणजे ११ मिनिटं. आता यातलं रोज बदलतं काय? ट्रेन एरवी चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे होत नाही. चाल बदलत नाही. बदलते ती बस. ती समोरच उभी मिळाली तर घरापासून फलाटापर्यंत २२ मिनिटं. ३५ मिनिटं ताटकळावं लागलं आणि वर रस्ता तुंबलेला असला, तर ६२. म्हणजे २४ किलोमीटरच्या प्रवासात ४० मिनिटांची अनिश्चितता आहे आणि ती सगळीच्या सगळी पहिल्या तीन किलोमीटरमध्ये आहे. उरलेले २१ किलोमीटर बऱ्यापैकी ठाकठीक चालले आहेत. गाडी घेण्याचा बेत म्हणजे चांगला चाललेला भाग मोडीत काढून बिघडलेल्या भागासाठी २४ किलोमीटरचा इलाज करणं.

'दर २० मिनिटांनी' असूनही ३५ मिनिटं थांबावं कसं लागतं, हे समजून घेतलं तर थोडा इलाज लगेच हाती येतो. एखादी बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी वेळ जातो, त्यामुळे पुढच्या थांब्यावर अजून जास्त गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती भरभर येते आणि शेवटी दोघी एकमेकींना चिकटून चालतात. मग ४० मिनिटं काहीच नाही आणि नंतर दोन बस एकदम. कागदावर तासाला तीनच बस धावल्या, नियम मोडलेला नाही. पण २० मिनिटांच्या नेमक्या अंतराने बस आल्या असत्या तर सरासरी वाट १० मिनिटं असती, ती जोडीने आल्यामुळे २० मिनिटांवर जाते. याचं मूळ असं, की माणूस छोट्या फटीपेक्षा मोठ्या फटीत सापडण्याचीच शक्यता जास्त, कारण मोठी फट जास्त वेळ चालू असते. 'मी आले की नेमकी बस नसते' असं वाटतं त्यात नशिबाचा भाग फार थोडा आहे.

यातून दोन गोष्टी करता येतात. जोडीतली पहिली बस खच्चून भरलेली असेल तर ती सोडून द्या. मागची दोन-तीन मिनिटांत येते आणि तिच्यात बसायलाही जागा असते. मात्र मागची येतेय हे डोळ्यांनी किंवा बसचं ॲप उघडून पाहून मगच सोडा. दुसरी गोष्ट जास्त कामाची. बस आगारातून किंवा पहिल्या थांब्यावरून वेळेवर सुटते, विस्कटते ती वाटेत. तुमचा थांबा मार्गावर जितका पुढे, तितका भरवसा कमी. घरापासून दहा-बारा मिनिटांच्या चालीत मार्गाच्या सुरुवातीकडचा एखादा थांबा असेल, किंवा दोन-तीन मार्गांच्या बस जिथून जातात असा मोठा रस्ता असेल, तर तिथे चालत जा. पाच-सहा मिनिटं जास्त चालणं होतं, पण तीन मार्ग स्टेशनकडेच जात असतील तर कुठली ना कुठली बस लवकर मिळते आणि ३५ मिनिटांचा खोळंबा जवळपास संपतो.

आता वही. दहा कामाचे दिवस रोज फक्त पाच वेळांची नोंद करा: घराचं दार लावलं ती वेळ, बसमध्ये चढलात ती, फलाटावर पोचलात ती, ट्रेनमधून उतरलात ती आणि ऑफिसात खुर्चीत बसलात ती. फोनमध्येच लिहा, वेगळं ॲप वगैरे नको. दहा दिवसांनी सरासरी काढायच्या फंदात पडू नका, ती नेहमी दिलासा देते आणि फसवते. एकूण वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि वाईटातून दुसरी पाहा. तोच तुमचा खरा प्रवास. सगळ्यात वाईट दिवस सोडून द्या, त्या दिवशी कुठेतरी झाड पडलेलं असू शकतं. कुठल्याही दोन पर्यायांची तुलना करताना हा 'वाईटातला दुसरा' दिवस समोरासमोर ठेवायचा. गाडीचे ५५ मिनिटं हा आकडा तुमच्या नवऱ्याने कुठल्या दिवशी, किती वाजता मोजला, तेही विचारा.

तीन किलोमीटरसाठी तुमच्याकडे सगळ्यात चांगला पर्याय सायकलचा आहे आणि ती तुम्हाला येते, त्यामुळे त्यावर सविस्तर लिहितो. ताशी १५ किलोमीटर हा आरामाचा वेग आहे, दमण्याचा नाही. म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं, स्टेशनपर्यंत १२-१३, कुलूप लावायला तीन, फलाटावर जायला चार. एकूण २० मिनिटं. वाईट दिवशी २३. हा फरक बघा: बसने २२ ते ६२, सायकलने १९ ते २३.

घरात जुनी सायकल पडून असेल तर तीच काढा, स्टेशनवर दिवसभर उभी ठेवायला जुनीच बरी. पण थेट रस्त्यावर आणू नका. वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या सायकलचं रबर आधी जातं. टायर हाताने दाबून बाजूच्या भिंती वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर टायर-ट्यूब दोन्ही बदला, नुसती ट्यूब बदलून भागत नाही. ब्रेकचे रबर नखाने दाबा. काचेसारखे कडक आणि चकचकीत झाले असतील तर पावसात ते धरणारच नाहीत. ब्रेकची तार कव्हरमध्ये गंजली की लिव्हर दाबल्यावर अडकते आणि सोडल्यावर हळू परत येते. अशी तार तेल घालून वाचवण्याच्या भानगडीत न पडता कव्हरसकट नवी टाकावी. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकता कामा नये.

सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते, आणि ती कमीच ठेवलेली असते, कारण पाय जमिनीला सपाट टेकले की सुरक्षित वाटतं. त्याने गुडघे दुखतात आणि तीन किलोमीटरही लांब वाटतात. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना टाचेऐवजी चवडा पेडलवर येतो, मग गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागेल. पहिले तीन-चार दिवस अवघडल्यासारखं होईल.

हवा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा थोडी आणि रबर पातळ, त्यामुळे ती मोटारीच्या टायरपेक्षा लवकर उतरते. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, किमान आणि कमाल; वजन मध्यम असेल तर त्या दोन आकड्यांच्या मधोमध ठेवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं फसवं, प्रेशर दाखवणारा पंप घ्या. कमी हवेत चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की रिम आणि कडा यांच्यात ट्यूब चेमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चरवाल्याने ट्यूबवर अशी जोडी दाखवली तर खिळ्याला दोष देऊ नका, हवा कमी होती.

साखळीला तेल महिन्यातून एकदा पुरे. तुमचं अंतर महिन्याला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच होणार आहे. भर पावसात भिजली तर मात्र त्याच दिवशी पुसून तेल द्या. पद्धत अशी: आधी फडक्याने साखळी पुसा, मग खालच्या भागात आतल्या बाजूने प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं दहा-पंधरा वेळा फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि बाहेरून दिसणारं सगळं तेल पुसून काढा. हे पुसणं लोक टाळतात. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते, तिची काळी पेस्ट होते आणि तीच साखळी व दातेरी चकती दोन्ही झिजवते. कपड्यांना डाग पडतात तेही त्याच पेस्टचे. साखळीवर पूर्ण कव्हर असलेली सायकल असेल तर पँटच्या पायाची कटकटही मिटते.

कुलपाबाबत काटकसर करू नका. तारेचं गुंडाळायचं कुलूप चांगल्या पकडीने काही सेकंदांत तुटतं, आणि स्टेशनबाहेर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच जागी उभी राहणारी सायकल चोर आधी हेरतो. यू आकाराचं पोलादी कुलूप घ्या. ते मागच्या चाकातून, फ्रेमच्या त्रिकोणातून आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या दांडीतून एकत्र जायला हवं. नुसतं पुढच्या चाकाला लावलं तर चाक मागे राहतं, सायकल जाते. चावीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी आणि धूळ आत शिरत नाही.

रस्ता बसचाच धरायचा असं काही नाही. नकाशात आतल्या रस्त्यांनी जाणारी वाट शोधा, अर्धा किलोमीटर जास्त झाला तरी चालेल. समोरची वाहतूक कापून वळावं लागेल अशी वळणं कमीत कमी असावीत. ती वाट आधी सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन या, मग कामाच्या दिवशी नेमक्या आठच्या गर्दीत एकदा. शाळा सुटायच्या-भरायच्या वेळी जो रस्ता तुंबतो तो रविवारी कळत नाही. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून पूर्ण एक मीटर लांब चालवा. कोणीही कधीही दार उघडतं. पावसात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं सरळ ओलांडा, त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही लावू नका. रबर थेट रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ते पकडच घेत नाहीत, म्हणून थांबायच्या बरंच आधी हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्या.

घामाची भीती बहुतेकांना अडवते. तीन किलोमीटरला घाम येतो तो वेगामुळे आणि पाठीवरच्या बॅगेमुळे. बॅग मागच्या कॅरिअरवर बांधा. शेवटचे तीनशे मीटर मुद्दाम हळू जा, कारण घाम खरा फुटतो तो थांबल्यावर, वारा लागायचा बंद झाला की. वारंवार पाऊस असेल त्या महिन्यांत ऑफिसच्या कपाटात एक जोड कपडे आणि चपला ठेवा.

सायकल नकोच असेल तर? तीन किलोमीटर चालायला ३७-३८ मिनिटं, ते रोज जमणार नाही. छोटी इलेक्ट्रिक स्कूटर आठ मिनिटांत नेते, पण स्टेशनजवळ ती ठेवायला खात्रीची जागा आहे का आणि ती सकाळी किती वाजता भरते हे आधी जाऊन पाहा. 'आठला जागा असते' हे ऐकीव न ठेवता आठला जाऊन बघायचं. नवऱ्याने रोज स्टेशनवर सोडणं-आणणं वरवर सोपं दिसतं, पण त्यात गाडी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असे १२ किलोमीटर धावते, त्यातले अर्धे तुमच्याशिवाय, आणि तुमच्या वेळेला आणखी एका माणसाची वेळ बांधली जाते. अडीअडचणीला ठीक. घडीची सायकल ट्रेनमध्ये न्यायची कल्पना गर्दीच्या वेळी विसरा. तिचं वजन बहुधा १० ते १४ किलो असतं आणि दारातली चार माणसं तुमच्याकडे रोज तशाच नजरेने बघतील.

आता वेळापत्रक उलटं मांडूया, खुर्चीपासून घराकडे. ९:३० ला काम सुरू, म्हणजे ९:२५ ला दारात. त्यातून चालीची ११ आणि स्टेशनबाहेर पडायची चार मिनिटं वजा केली की ट्रेन ९:१० पर्यंत पोचायला हवी. म्हणजे सगळ्यात उशिराची चालणारी ट्रेन ८:३५ ची. तुम्ही मात्र ८:२५ ची पकडायची असंच ठरवा. एक ट्रेन चुकली तरी वेळेवर पोचता येईल अशीच आखणी असावी. जिच्यात एकही चूक खपत नाही ती आखणी आठवडाभरही टिकत नाही. फलाटावर ८:२० ते ८:२२. सायकलने निघायचं ८:०० ला. आज तुम्ही ७:५० ला निघून उशिरा पोचता. तेव्हा ८:०० ला निघून ९:१५ ला पोचाल, आणि ट्रेन चुकली तर ९:२५ ला.

फलाटावर कुठे उभं राहायचं याने आणखी दोन-तीन मिनिटं सुटतात, आणि ही गोष्ट फुकटची आहे. उतरायच्या स्टेशनवर जिना कुठल्या डब्यासमोर येतो ते एकदा पाहून ठेवा आणि चढतानाच त्या डब्यात चढा. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून गर्दीत मिनिटाला साधारण ५०-६० माणसं चढतात. जिना दोन मीटरचा असेल आणि गाडीतून सहाशे माणसं उतरली, तर पहिल्याला वाट मोकळी आणि शेवटच्याला पाच-सहा मिनिटं. जिन्याशी उतरलेला माणूस सिग्नल ओलांडून पुढे गेलेला असतो तेव्हा टोकाच्या डब्यातला अजून पहिल्या पायरीवर असतो. संध्याकाळी मात्र हिशोब उलटा धरा. तेव्हा वेळेची घाई नाही, तुम्ही दमलेल्या आहात, म्हणून जिन्यापासून सगळ्यात लांबचा डबा बघा. तिथे बसायला मिळण्याची शक्यता जास्त. घरी पाच मिनिटं उशिरा पण ३५ मिनिटं बसून, हा सौदा फायद्याचाच आहे. गाडी जिथून सुटते ते स्टेशन एक-दोन थांबे मागे असेल आणि तुमचं तिकीट किंवा पास तिथपर्यंत चालत असेल, तर उलटं जाऊन बसून येण्याचाही हिशोब करून पाहा.

आता गाडी. ५५ मिनिटं हा दारापासून दारापर्यंतचा आकडा नसतो, तो चाकं फिरण्याचा असतो. वस्तीतून गाडी काढायला तीन मिनिटं, ऑफिसजवळ जागा शोधायला आठ, तिथून चालायला सहा धरा, झाली ७२. सायकल-ट्रेनची ७५ आहेत. तीन मिनिटांसाठी महिन्याला २२ दिवस, रोज ४८ किलोमीटर, म्हणजे १,०५६ किलोमीटर गाडी पळवायची. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर ७० लिटर इंधन. रखडत्या वाहतुकीत हेच ॲव्हरेज ११ वर येतं आणि मग ९६ लिटर लागतं. उभ्या गाडीचं नुसतं चालू इंजिनही ताशी अर्धा ते एक लिटर पितं. वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एकाहून जास्त सर्व्हिसिंग आणि तीन-चार वर्षांत चारही टायर. हा झाला पळवण्याचा खर्च. बाळगण्याचा वेगळा: विमा, हप्ता, दोन्हीकडचं पार्किंग आणि दरवर्षी उतरणारी किंमत. हा दुसरा भाग गाडी उभी असतानाही चालूच राहतो, आणि घरगुती हिशोबात नेमका तोच धरला जात नाही. इलेक्ट्रिक गाडीने इंधनाचा आकडा उतरेल, पण रांग आणि पार्किंग तिलाही चुकत नाही.

रांगेचं गणित माहीत असावं. सिग्नल नसलेल्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार गाड्या जातात. दोन लेनचा पूल म्हणजे चार हजार. सकाळी तासाला ४,४०० गाड्या आल्या, फक्त दहा टक्के जास्त, तर तासाअखेर ४०० गाड्या तुंबतात आणि शेवटच्याला सहा मिनिटं लागतात. दीड तास हेच चाललं तर नऊ. वाटेत अशा तीन जागा असल्या की अर्धा तास गेला. म्हणून गर्दी सुरू व्हायच्या आधी निघालेल्याला रस्ता मोकळा मिळतो आणि नंतरचा जितका उशिरा निघतो, त्याहून जास्त उशिरा पोचतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६९ साली या रांगेचं गणित नीट मांडलं. त्यातला मुद्दा तुमच्या कामाचा आहे: सगळ्यांना एकाच वेळेला पोचायचं असतं म्हणून रांग लागते. गाडीने जायचंच ठरलं तर ६:४५ ला निघायची तयारी ठेवा, नाहीतर ५५ मिनिटं विसरा.

उड्डाणपुलावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं की शहरातल्या जलद मार्गांवर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढत जाते. मिळेल तितकी जागा भरते. पुढे २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास केला, तेव्हा रस्त्यांची लांबी वाढली जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढलेलं दिसलं. आज जे लोक आधी निघतात, दुसऱ्या रस्त्याने जातात किंवा ट्रेनने जातात, तेच पूल झाला की पुलावर येतात. तुमचा नवराही त्यांच्यातच असेल. शिवाय पूल संपतो तिथला सिग्नल जुनाच राहतो.

ट्रेन बंद पडेल किंवा धो धो पाऊस असेल अशा दिवसांसाठी मात्र काहीतरी हवं. त्याच दिशेला जाणारा वस्तीतला एखादा सहप्रवासी आधीच बोलून ठेवा. दोघांची जोडी टिकते, चौघांची सहसा नाही. प्रत्येकाच्या दारात चार मिनिटं थांबलं की पहिल्याची बारा मिनिटं गेली. भेटायची जागा मोठ्या रस्त्यावर एकच, वाट बघायची तीन मिनिटं, इंधनाचा वाटा आधी ठरलेला. परतीची जबाबदारी ज्याची त्याची.

ऑफिसशी बोलायचं असेल तर दहा दिवसांची वही हातात आल्यावर बोला. 'प्रवास फार होतो' हे कोणीच ऐकत नाही, कारण तो सगळ्यांनाच होतो. 'महिनाभर दहा ते साडेसहा अशी वेळ देऊन बघा' ही नेमकी मागणी आहे, आणि ती मुदतीची असल्यामुळे हो म्हणणं सोपं जातं. अर्ध्या तासाने गर्दीही बदलते. तुमच्या स्टेशनवरून ८:५५ ची ट्रेन कशी भरते ते एका दिवशी उभं राहून पाहून घ्या, मग मागा. काही मार्गांवर गर्दीचा कळस नेमका तेव्हाच असतो.

संध्याकाळी एक काळजी वेगळी. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा हवा, नुसता लाल रिफ्लेक्टर नाही. तो मागच्या गाडीचा उजेड पडला तरच दिसतो. पुढचा दिवा जमिनीकडे झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. दोन्ही दिवे ऑफिसात चार्ज करा, आणि सायकल स्टेशनवर लावताना काढून बॅगेत टाका, कारण दिवे सायकलच्या आधी चोरीला जातात.

आधी दहा दिवस बसची वही, मग महिनाभर सायकल आणि तीच वही. त्यानंतरही वाईटातला दुसरा दिवस दीड तासाच्या वर जात असेल, तर गाडीचा विषय जरूर काढा. तेव्हा शोरूममध्ये जायच्या आधी ऑफिसच्या व्यवस्थापनाकडून पार्किंगची जागा लेखी मागून घ्या आणि नवऱ्याची आत्ताची गाडी घेऊन सलग पाच कामाचे दिवस ऑफिसला जाऊन या. त्या पाच दिवसांच्याही वेळा वहीत हव्यात, पार्किंगपासून खुर्चीपर्यंतच्या चालीसकट.